घाम : घरात न बोलले जाणारे दुखणे

व्यापारात हाताला फार मोल आहे. कापडाच्या दुकानात तागा उलगडून ग्राहकापुढे पसरतो तो हात, सराफी पेढीवर कसोटीच्या दगडावर सोने घासतो तो हात, अडत दुकानात मूठभर धान्य उचलून दाणा पारखतो तो हात आणि दिवाळीत वहीपूजनाच्या मुहूर्तावर कोऱ्या वहीवर ओळीमागून ओळ ‘श्री’ मांडतो तोही हातच. हा हात बारा महिने ओला राहत असेल तर? नोटा एकमेकींना चिकटतात. चेकवरची सही फिसकटते. रेशमी पोतावर बोटांचे डाग उमटतात. मोबाइलचा पडदा स्पर्श ओळखत नाही आणि अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र ठसा नाकारते.

असे तळहात असलेला मुलगा दुकानात बसू लागला की काही दिवसांत गल्ल्यापासून दूर सरकतो. गोदामातले काम मागून घेतो, बाहेरगावची वसुली आनंदाने पत्करतो, गिऱ्हाइकाच्या हातात माल देण्याची वेळ आली की नोकराला पुढे करतो. वडिलांना वाटते, याला धंद्यात रस नाही. मुलीच्या बाबतीत समजूत आणखी चुकते. पाहण्याच्या कार्यक्रमात रुमाल मुठीत घट्ट धरून बसलेली मुलगी पाहुण्यांना ‘फार बुजरी’ वाटते. बगलेत घाम येणारी दुसरी एखादी मुलगी उन्हाळ्यातही फक्त काळे वा गडद निळे कपडे निवडते आणि लग्नसमारंभात फोटोच्या वेळी हात उचलत नाही. घरात हे सर्वांना दिसत असते. बोलत मात्र कोणी नाही. ज्या घरात मधुमेहाच्या गोळ्यांची चर्चा जेवणाच्या पंगतीत मोकळेपणाने होते, त्याच घरात घाम हा शब्द उच्चारायला संकोच वाटावा, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

या दुखण्याला वैद्यकात नाव आहे, त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्यावर उपायही आहेत. पण त्याआधी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. जास्त घाम येणे ही एक गोष्ट आणि अंगाला दुर्गंधी येणे ही दुसरी. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण असतीलच असे नाही. तळहात निथळत असलेल्या माणसाच्या अंगाला कसलाही वास नसतो, आणि बेताचाच घाम येणाऱ्या एखाद्याच्या शेजारी बसणे अवघड होते. उपाय निवडताना हा भेद ध्यानात घेतला नाही तर पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

दोन प्रकारच्या ग्रंथी

माणसाच्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यांतील बहुसंख्य ग्रंथींना एक्राइन म्हणतात. त्या जवळजवळ सर्व अंगावर पसरलेल्या असून तळहात, तळपाय, कपाळ आणि बगल येथे त्यांची दाटी अधिक असते. त्यांतून झरणारा द्रव म्हणजे बहुतांश पाणी आणि थोडे मीठ. तो वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. वैशाखात माणूस तग धरतो तो याच व्यवस्थेच्या बळावर. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना अपोक्राइन म्हणतात. त्या बगल, जांघ यांसारख्या मोजक्याच जागी असतात आणि वयात येईपर्यंत निद्रिस्त राहतात. त्यांचा स्राव किंचित दाट, स्निग्ध आणि प्रथिनयुक्त असतो.

नुकत्याच आलेल्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवर वस्ती करून असलेले जिवाणू अपोक्राइन ग्रंथींच्या स्रावातील घटकांचे विघटन करतात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. पायांचा वास वेगळ्या जातीचा असतो. तेथे जिवाणू घामातील व मृत त्वचेतील घटकांपासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. लहान मुले दिवसभर उन्हात खेळून आली तरी त्यांच्या बगलेला वास येत नाही आणि बारा-तेरा वर्षांची झाली की एकाएकी येऊ लागतो, याचे कारण हे असे आहे. त्या वयातल्या मुलाला ‘अंघोळ नीट करत नाहीस’ म्हणून चारचौघांत बोलणे अन्यायाचे ठरते. आंघोळ तीच असते, ग्रंथी जाग्या झालेल्या असतात.

प्रत्येकाचा वास सारखा नसतो, त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांत एका जनुकाचे असे रूप आढळते की त्यांच्या कानातला मळ कोरडा असतो आणि बगलेला वासही फारसा येत नाही. कानातला मळ आणि बगलेचा वास यांचा असा संबंध असेल, हे सहजासहजी कोणाच्या मनात येणार नाही.

तळहातांचा घाम : स्वभाव नव्हे, विकार

उन्हात, श्रमाने, तापाने येणारा घाम हा शरीराचा धर्म आहे. गरजेपेक्षा कितीतरी अधिक घाम ठरावीक जागीच येत असेल तर त्याला हायपरहायड्रोसिस असे म्हणतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तेथील २.८ टक्के लोकसंख्येला हा त्रास असल्याचे आढळले. म्हणजे शंभर माणसांच्या संघात दोन-तीन जण सहज निघावेत.

याच्या मूळ स्वरूपाच्या विकाराची लक्षणे बरीच स्पष्ट आहेत. त्रास बहुधा पंचविशीच्या आत, पुष्कळदा शाळेतच सुरू होतो. दोन्ही हातांना किंवा दोन्ही पायांना, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा असतो. आठवड्यातून निदान एकदा तरी उसळतो. घराण्यात आणखी कोणाला तरी असतो; आत्याला किंवा आजोबांना होता, हे विचारल्यावर कळते. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे झोपेत हा घाम थांबतो. सहा महिन्यांहून अधिक काळ असा त्रास असून दुसरे कारण सापडत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ निदानासाठी फार चाचण्या सांगत नाहीत.

येथे दोष ग्रंथींचा नसतो. त्या संख्येने जास्त नसतात, आकाराने मोठ्या नसतात. त्यांना चेतवणाऱ्या मज्जातंतूंकडून येणारा हुकूमच जरुरीपेक्षा जास्त असतो. तळहातांच्या ग्रंथी उन्हापेक्षा मनाच्या ताणाला अधिक दाद देतात, म्हणून परीक्षेत, मुलाखतीत, गिऱ्हाइकासमोर घाम वाढतो. घाम दिसेल या भीतीने ताण वाढतो आणि ताणाने पुन्हा घाम. हे चक्र पाहूनच लोक म्हणतात, ‘मन घट्ट कर, आपोआप थांबेल.’ मनाचा वाटा त्यात आहेच, पण विकाराचे मूळ तेथे नाही. ध्यान-सामायिकाने चित्त शांत होते आणि त्याचा थोडा लाभही होतो; मात्र सामायिकाला बसूनही तळहात ओले राहिले म्हणून साधकाने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

याउलट काही घाम धोक्याची सूचना देणारा असतो. तो एकाएकी सुरू होतो, सर्वांगाला येतो, रात्री झोपेत अंथरूण भिजवतो. थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, काही प्रकारचे रक्ताचे कर्करोग, रजोनिवृत्ती, नैराश्यावरची काही औषधे अशी कारणे त्यामागे असू शकतात. चाळिशीनंतर प्रथमच असा त्रास जाणवला, वजन उतरू लागले किंवा बारीक ताप राहू लागला, तर पावडर-अत्तराच्या नादी न लागता तपासणी करून घ्यावी. छातीत दाब आणि थंड घाम एकत्र आले तर रुग्णालयाखेरीज दुसरा विचारच नको.

पर्युषणाच्या दिवसांत एक गोष्ट विशेष जपावी लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीला उपवासात अचानक दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, धडधड वाढली, तर रक्तातील साखर उतरल्याचे ते चिन्ह असते. तशा वेळी तपश्चर्या मोडेल म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, याची आठवण घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी द्यावी. त्याहून चांगले म्हणजे, उपवासाचा निश्चय करण्याआधीच डॉक्टरांकडून औषधांची मात्रा बदलून घ्यावी.

आहार, वस्त्र आणि पादत्राण

अंगाच्या वासाचा दोष कांदा-लसणावर टाकण्याची सोय जैन घरात नाही. लसणातील गंधकयुक्त द्रव्य श्वासातून आणि घामातून बाहेर पडते, हे खरे. पण जे लसूण खातच नाहीत त्यांनाही वास येतो, कारण मुख्य कारखाना त्वचेवरच असतो. मेथीचे लाडू भरपूर खाल्ले की घामाला आणि लघवीला गोडसर, पाक जळल्यासारखा वास येतो. तो निरुपद्रवी असतो. तिखटाने कपाळाला आणि ओठांवर घाम येतो, तोही स्वाभाविक. अठाईसारख्या दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळू लागते आणि श्वासाला ॲसिटोनचा फळासारखा वास येतो. पारण्यानंतर काही दिवसांत तो जातो. त्यासाठी वेगळ्या औषधाची गरज नसते.

वस्त्राचे मात्र फार मोठे अंग आहे, आणि कापडाच्या पेढ्या चालवणाऱ्या घरांना ते चटकन पटावे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम केलेल्या लोकांचे सुती आणि पॉलिएस्टरचे सदरे काही काळ ठेवून नंतर त्यांचा वास परीक्षकांना घ्यायला लावला. पॉलिएस्टरच्या सदऱ्यांचा वास अधिक उग्र आणि नकोसा ठरला, आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू त्या धाग्यावर अधिक वाढल्याचेही दिसले. सुती धागा घाम आपल्या आत शोषून घेतो. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण तेलकट द्रव्ये धरून ठेवतो. म्हणूनच पॉलिएस्टरचा सदरा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घातला तरी अंगाच्या उबेने तासाभरात जुना वास पुन्हा उठतो. दुकानातल्या नोकरांसाठी गणवेश शिवून घेणाऱ्या मालकांनी एवढा विचार जरूर करावा. टिकाऊ आणि स्वस्त म्हणून घेतलेले कापड दिवसाचे दहा तास अंगावर असते आणि वास येतो म्हणून बोलणी मात्र नोकराला बसतात.

पूजेच्या वस्त्रांचाही प्रश्न आहे. ती शुद्ध मानली जातात आणि पूजेपुरतीच नेसली जातात म्हणून काही घरांत ती रोज धुतली जात नाहीत, घडी घालून ठेवली जातात. घामाने दमट झालेले वस्त्र घडीत बंद राहिले की जिवाणूंना आयती उबदार जागा मिळते. अहिंसेच्या विचाराने रेशीम सोडून सुती वस्त्र स्वीकारलेल्यांना तर रोज धुण्याची अडचण असू नये.

पादत्राणांत एक विचित्र पेच आहे. चामडे वर्ज्य म्हणून जैन कुटुंबांत बहुधा रेक्झिनचे किंवा तत्सम कृत्रिम बूट घेतले जातात. अशा बुटांतून हवा खेळत नाही आणि घाम आतच कोंडतो. तळपायाची त्वचा पांढुरकी होऊन तिला बारीक बारीक खड्डे पडले आणि उग्र वास येऊ लागला, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. डॉक्टरांनी दिलेल्या लावायच्या औषधाने तो काही आठवड्यांत बरा होतो. यावर तोड म्हणजे कॅनव्हासचे किंवा जाळीच्या कापडाचे बूट घ्यावेत, दोन जोड ठेवून एक दिवसाआड वापरावेत म्हणजे प्रत्येक जोडाला वाळायला पुरा दिवस मिळतो, आणि मोजे सुती असावेत. पेढीवर गादीवर बसण्याची जुनी रीत पायांच्या दृष्टीने फार शहाणपणाची होती. काउंटर आणि खुर्ची आल्यापासून पाय दिवसभर बुटात बंद झाले.

लाजेचा व्यापार

बाजारात मिळणाऱ्या डबीवर ‘डिओडरंट’ लिहिले आहे की ‘अँटिपर्स्पिरंट’, हे वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. डिओडरंट वास झाकतो किंवा जिवाणूंना आवर घालतो. घाम तेवढाच येत राहतो. अँटिपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते ग्रंथीच्या तोंडाशी तात्पुरते बूच तयार करून घाम कमी करतात. आपल्याकडे ‘डिओ’ या नावाने खपणारे बरेचसे फवारे निव्वळ सुगंधाचे असतात. ज्याचा सदरा घामाने भिजतो त्याने असा फवारा कितीही मारला तरी घामावर त्याचा परिणाम होत नाही. उलट घामाचा वास आणि अत्तराचा वास एकत्र होऊन तिसराच प्रकार निर्माण होतो.

या वस्तूंच्या व्यापाराचा इतिहास व्यापाऱ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. अमेरिकेत सिनसिनाटी शहरातील एका शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या वेळी आपले हात कोरडे राहावेत म्हणून एक द्रव तयार केला होता. म्हणजे आरंभ तळहाताच्या घामापासूनच झाला. त्याची मुलगी एडना मर्फी हिने तोच द्रव बगलेसाठी ‘ओडोरोनो’ या नावाने विकायला काढला. माल फारसा सोयीचा नव्हता. रंगाने लाल, आम्लधर्मी, कपडे खराब करणारा आणि त्वचेला झोंबणारा. तरीही १९१९ साली तिच्या जाहिरातदाराने, जेम्स यंग याने, एका महिला मासिकात अशी जाहिरात दिली की स्त्रीच्या अंगाला वास येत असतो, तिला स्वतःला तो कळत नाही आणि लोक तिच्या पाठीमागे बोलतात. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. विक्री मात्र वर्षभरात दुपटीहून अधिक वाढून चार लाख सतरा हजार डॉलरवर गेली. गरज खरी होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की मालाबरोबर लाजही विकली गेली. आज दूरदर्शनवर आणि मोबाइलवर दिसणाऱ्या सुगंधी फवाऱ्यांच्या जाहिराती त्याच जाहिरातीच्या नाती-पणती आहेत.

जैन ग्राहकाला आणखी एक चौकशी करावी लागते. कस्तुरी कस्तुरीमृगाची, जवादी मांजरवर्गीय दिसणाऱ्या एका प्राण्याची. ही जुन्या सुगंधांतील द्रव्ये प्राणिजन्य होती. आज त्यांची जागा बहुधा कृत्रिम द्रव्यांनी घेतली असली तरी कांडीच्या स्वरूपातील वस्तूंत वापरली जाणारी स्टिअरेट आणि ग्लिसरीन ही द्रव्ये वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. घटकांच्या यादीवरून हे कळत नाही. उत्पादकाला विचारावे लागते. तुरटी मात्र या दृष्टीने निर्मळ आहे. ती खनिज आहे, स्वस्त आहे आणि सौम्य प्रमाणात दोन्ही कामे करते. ओला खडा बगलेत फिरवून अंग वाळू द्यावे. आपल्या आजोबांच्या दाढीच्या पेटीतला खडा आज ‘क्रिस्टल’ म्हणून अनेकपट किमतीला विकला जातो, हे जाता जाता सांगितले पाहिजे. खाण्याचा सोडा बगलेत चोळण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने त्वचा सोलवटते, तो करू नये.

उपचार कसे चढत जातात

पहिली पायरी म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइडचे तीव्र द्रावण, साधारण १० ते २० टक्के. ते लावण्याची पद्धत चुकल्यामुळेच पुष्कळांना गुण येत नाही. सकाळी अंघोळीनंतर घाईने लावून दुकान गाठणे ही चुकीची पद्धत. रात्री झोपताना, त्वचा पूर्ण कोरडी असताना लावावे, कारण झोपेत घाम थांबलेला असतो आणि बूच नीट बसते. सकाळी धुऊन टाकावे. केस काढल्यावर लगेच लावू नये, फार आग होते. आरंभी रोज, पुढे गुण आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरते. या द्रव्याने स्तनाचा कर्करोग होतो, अशी भीती अनेक वर्षे फिरत आहे. आजवरच्या अभ्यासांतून तसा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

वासाची तक्रार प्रमुख असेल तर मार्ग वेगळा. बेंझॉइल पेरॉक्साइड असलेले धुण्याचे औषध बगलेला काही मिनिटे लावून धुतल्याने जिवाणू कमी होतात. त्याने टॉवेल आणि रंगीत कपड्यांचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वापरावा. जांघेत खाज आणि चकंदळे असतील तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी तो दबतो आणि अधिक चिवट होऊन परततो. भारतभर त्वचारोगतज्ज्ञ याविषयी चिंता व्यक्त करीत आले आहेत.

तळहात-तळपायांसाठी दुसरी पायरी विशेष उपयोगी आहे, तिचे नाव आयन्टोफोरेसिस. उथळ तबकांत साधे पाणी घेऊन त्यात हात किंवा पाय बुडवायचे आणि त्यातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा. एका वेळी वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा; दोन ते चार आठवड्यांत तळहात कोरडे पडू लागतात. पुढे आठवड्यातून एकदा केले तरी टिकते. थोड्या मुंग्या येतात, एवढाच बहुतेकांना जाणवणारा त्रास. यंत्र घरी ठेवता येते, त्यात औषध पोटात जात नाही आणि प्राणिजन्य काहीही नसते. गरण्याने गाळलेले पाणी चालते. आरओचे पाणी मात्र फार शुद्ध असल्यामुळे त्यातून वीज नीट वाहत नाही. गर्भवती स्त्रिया, पेसमेकर किंवा शरीरात धातूचे रोपण असलेले रुग्ण आणि अपस्माराचे रुग्ण यांनी हा उपाय करू नये. इतका निरुपद्रवी आणि दीर्घकाळ परवडणारा उपाय असताना तो फार थोड्यांना ठाऊक असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन यांसारख्या गोळ्या मज्जातंतूंचा हुकूम ग्रंथीपर्यंत पोहोचू देत नाहीत. गुण येतो, पण तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, कधी दृष्टी धूसर होते. चौविहार करणाऱ्यांना रात्री पाणी घेता येत नसल्याने कोरडे तोंड अधिक जाचते. गोळीची वेळ आणि मात्रा ठरवताना डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे. शिवाय सर्वांगाचा घाम घटल्याने कडक उन्हात शरीर तापण्याचा धोका असतो. उन्हाळ्यातील पायी यात्रा किंवा विहारसेवा करताना या गोळ्या चालू असतील तर सावध राहावे.

बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने बगलेत दिली असता साधारण सहा महिने घाम थांबतो. अमेरिकेत बगलेच्या घामासाठी त्यांना २००४ साली मान्यता मिळाली. तळहातात ती दुखतात आणि काही दिवस पकड सैल होऊ शकते, हे सराफी कारागिराने आधीच ध्यानात घ्यावे. खर्च मोठा आणि पुन्हा पुन्हा होणारा असतो. हे द्रव्य जिवाणूपासून मिळते आणि प्रचलित अनेक इंजेक्शनांत मानवी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मिसळलेले असते. ज्यांना याविषयी विचार करायचा असेल त्यांनी निर्णय घेण्याआधी विचारून घ्यावे.

शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. छातीत दुर्बिण घालून घामाचा हुकूम नेणारा मज्जातंतू छेदतात किंवा त्याला चाप लावतात. तळहात तत्काळ कोरडे होतात, रुग्ण आनंदाने रडतो. पण पुष्कळांना त्यानंतर पाठ, पोट, मांड्या येथे भरपाईचा घाम सुरू होतो, काहींना तो मूळ त्रासाहून असह्य होतो, आणि छेदलेला मज्जातंतू पूर्ववत करण्याचा भरवशाचा मार्ग नाही. लग्न ठरले म्हणून घाईने ही शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचे नाही. आधीच्या सर्व पायऱ्या चढून झाल्यावरच तिचा विचार करावा.

घरच्यांची वागणूक

जैन तत्त्वज्ञानात जुगुप्सा, म्हणजे किळस, ही नोकषायांत गणली आहे आणि तिच्यावर विजय मिळवणारी निर्विचिकित्सा हे सम्यग्दर्शनाचे तिसरे अंग मानले आहे. रत्नकरंडक श्रावकाचारात या अंगासाठी उद्दायन राजाचे नाव येते. रोगग्रस्त मुनीने वांती केली तरी ज्याने किळस न करता सेवा केली, तो हा राजा. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे आणि बावीस परीषहांत मल परीषह आहे. गृहस्थाचा आचार वेगळा, त्याने स्नान करावे, वस्त्र धुवावे, औषध घ्यावे. पण मुनींच्या मलिन देहापुढे भक्तीने मस्तक नमवणारे घर आपल्याच मुलाच्या ओल्या हातातून पाण्याचा पेला घेताना तोंड वाकडे करीत असेल, तर ते विसंगत दिसते.

सांगायचे कसे, हाही प्रश्न असतो. ज्याच्या अंगाला वास येतो त्याला तो बहुधा जाणवत नाही, कारण नाक सवयीच्या वासाला सरावते. म्हणून एकाने, आणि एकट्यात, सांगावे. मुलाला वडिलांनी, सुनेला सासूऐवजी नवऱ्याने, दुकानातल्या नोकराला मालकाने गल्ल्यावर न बोलता बाजूला बोलावून. सांगताना उपायही हाती द्यावा. तुरटीचा खडा, दोन सुती सदरे, त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घेऊन ठेवलेली चिठ्ठी. सोयरीक जुळवताना ही गोष्ट लपवू नये आणि तिचा बाऊही करू नये. चष्म्याचा नंबर जसा सांगितला जातो तशी ती सांगता येते. काही वधूंच्या बाबतीत एक बारीक अडचण येते. ओल्या तळहातावर मेंदी पसरते. मेंदीच्या आधीचे काही आठवडे आयन्टोफोरेसिस चालू ठेवल्यास नक्षी नीट उमटायला मदत होते.

त्यासाठी वेळेचे गणित बांधावे लागते. द्रावणाला गुण यायला एक-दोन आठवडे, विजेच्या उपचाराला महिना, इंजेक्शनाला आठवडा-दोन आठवडे, आणि एक उपाय लागू पडला नाही तर दुसऱ्याला तेवढाच अवकाश. वैशाखातल्या लग्नासाठी चैत्रात धावाधाव करून उपयोग होत नाही. माघ संपण्याआधी डॉक्टरांची गाठ घ्यावी. जाताना घाम कधी येतो, कोठे येतो, झोपेत थांबतो का, घराण्यात आणखी कोणाला आहे आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्यावे. ओल्या हातांनी कागद भिजत असेल तर तोही तसाच दाखवावा. डॉक्टरांना त्यावरून त्रासाची कल्पना लगेच येते.